डोळा लागण्याच्या आधीचा क्षण

मंडळी, विरार लोकलमध्ये झोपायचं तर शेजाऱ्याला "काका, वसई आलं की उठवा" असं सांगून ठेवायचं. परवा काकांनी वेळेवर हलवलं, पण मी तेव्हा पुरता झोपलोच नव्हतो. "हो हो" म्हणालो, आणि मग झोपलो. थेट नालासोपारा!

हसू नका. हीच चूक आमच्या ड्रायव्हरमध्ये होती. बस कंडक्टरचं तिकीट मशीन. बॅटरी वाचवायला सारखं झोपतं, बटण दाबलं की इंटरप्ट येतो आणि जागं होतं. कधीतरी होत नसे. "काही काम बाकी?" "नाही" असं बघून मशीन झोपायला निघायचं आणि नेमकं त्याच फटीत बटण दाबलं जायचं. काम रांगेत लागायचं, पण रांग गोठलेली! कंडक्टर महिनाभर तक्रार करत होता. त्यालाच बटण दाबता येत नाही, असं सगळे म्हणत. मीसुद्धा.

मी आधी म्यूटेक्स लावायला गेलो. पण इंटरप्ट हँडलरला कुलूप उघडेपर्यंत झोपून थांबता येतच नाही.

गंमत म्हणजे या फटीवरून लिनक्सवाले आधीच भांडून बसलेत. अँड्रॉइडचा पहिला फोन आला २००८ मध्ये. २००९ मध्ये गूगलच्या टीमने आपले 'वेकलॉक' लिनक्सपुढे ठेवले: कोणाकडेही असं लॉक असेपर्यंत फोनने झोपायचं नाही. कर्नलवाल्यांना ते पटेना. २०१० मध्ये नाव बदलून पुन्हा आणलं, पुन्हा खडाजंगी. शेवटी राफाएल विसोत्स्की यांनी वेगळी वाट काढली, ती त्याच वर्षी २.६.३६ मध्ये आली. जागं करणाऱ्या घटनांचा नुसता आकडा ठेवायचा. झोपण्याआधी तो वाचायचा, कामं आवरायची, मग तोच आकडा परत लिहायचा. मधे वाढला असेल तर लिहिणं फसतं, झोप रद्द! लिहिल्यानंतर घटना आली तरी कर्नल झोपेतून मागे फिरतो. म्हणजे डोळे मिटताना काकांना विचारायचं, "मघापासून काही बोललात का?" (२०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत वेकलॉकसारखी सोयही आलीच. असो.)

माझ्या हँडलरमध्ये घटना मोजणारी ती एक ओळच नव्हती. ती घातली, झोपवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा तपासला आणि हजारो वेळा बटण दाबून बघितलं.

मशीन परत देताना कंडक्टरला म्हटलं, चूक आमची होती.

"मग मी काय सांगत होतो, साहेब?"