लसूण खा, पण बीपीची गोळी बंद करू नका! कच्चा लसूण कसा, किती आणि कोणी खावा?

दर्यापूर (प्रतिनिधी) : "म्या गोयी बंद केली बाप्पा. रोज सकाळी पाच कुड्या लसूण खातो, आता कायले पायजे गोयी?" दिवाळीत माझे चुलते ओट्यावर बसून सांगत होते. मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ पाहून त्यांनी हे सुरू केले होते. दोन महिन्यांनी, तूर सोंगणीच्या दिवसांत, त्यांचा उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. लकवा. दवाखान्यात नेले तेव्हा वरचा बीपी 200 च्या पुढे होता. जीव वाचला, पण अजूनही भाकर डाव्या हातानेच मोडतात.

असे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्याच ग्रुपवर येतात, म्हणून लसणाचे खरे काय ते लिहितो.

आधी हे सांगतो की लसूण वाईट नाही. बीपी जास्त असलेल्या माणसांना काही आठवडे लसूण देऊन अनेक देशांत तपासण्या झाल्या आहेत. त्यात वरचा बीपी सरासरी आठ अंकांच्या आसपास उतरलेला दिसला. पण या तपासण्या बहुतेक लसणाच्या भुकटीच्या किंवा अर्काच्या गोळ्या देऊन झाल्या, कच्च्या कुड्या देऊन नाही. आता हिशोब करा. ज्याचा बीपी 180 आहे, त्याचा 172 झाला तर धोका टळला का? कोलेस्टेरॉलचेही तसेच, थोडे उतरते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिनही लसणाच्या भरवशावर सोडू नका. कोरोनाच्या वेळीही लसणाचे असेच मेसेज फिरले होते, तेव्हा लसणाने कोरोना टळतो याला पुरावा नाही असे जागतिक आरोग्य संघटनेला सांगावे लागले.

बरं, खायचा कसा? अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतले दोन घटक एकमेकांत मिसळतात आणि ॲलिसिन नावाचा पदार्थ तयार होतो. उग्र वास आणि झणका त्याचाच. 1944 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून दाखवला, तो जंतूंना मारतो हेही दाखवले. ठेचलेला लसूण लगेच तापल्या तेलात टाकला तर ॲलिसिन पुरते तयारच होत नाही. म्हणून ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवा, मग फोडणीत घाला. वरणावर, भाकरीसोबत कच्चा ठेचलेला खाल्ला तरी चालतो. अख्खी कुडी पाण्यासोबत गोळीसारखी गिळण्यात मात्र फार अर्थ नाही. दिवसाला एक-दोन पाकळ्या पुरे. तोंडाचा वास ब्रश करूनही जात नाही, कारण तो रक्तातून फुप्फुसात येऊन श्वासावाटे निघतो.

आपल्याकडे एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे मीठ. लसणाची चटणी म्हणा की मिरचीचा ठेचा, त्यात मीठ सढळ हाताने पडते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरी-बोअरचे पाणीच खारे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात सगळे मिळून मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी पाहिजे. लसूण बीपी उतरवेल म्हणून चटणीवर ताव मारायचा आणि मिठाने तोच बीपी चढवायचा, हा उलटा धंदा झाला.

रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल (हृदयाच्या बऱ्याच पेशंटला असते) तर कच्चा लसूण रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण लसणानेही रक्त गोठायला उशीर लागू शकतो. ऑपरेशन ठरले असेल तर लसूण खातो हे आधीच सांगून ठेवा. ॲसिडिटीवाल्यांनी उपाशीपोटी खाऊ नये. दुखऱ्या गुडघ्यावर किंवा लेकराच्या छातीवर ठेचलेला लसूण बांधतात, त्याने कातडी भाजून फोड येतात. कान फुटला असेल तर लसणाचे तेल अजिबात टाकू नका.

बीपीची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गोळी कमी करायची की बंद, हे तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या.

विकत घेतानाही बघून घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये भाव किलोला 300 रुपयांच्या वर गेला, तेव्हा अकोल्यात फेरीवाल्याकडून घेतलेल्या लसणात सिमेंटचे गड्डे निघाल्याची बातमी देशभर गाजली होती. गड्डा हातात जड लागला, पाकळ्या सुट्या होत नसल्या, तर घेऊ नका. पाणी गोडे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरापुरता एक वाफा टोका, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. पाला वाळला की पाल्यासकट जुड्या बांधून सावलीत, हवेशीर जागी टांगा. माझ्याकडे गेल्या वर्षीच्या जुड्या गणपतीपर्यंत पुरल्या.