वसंतातली बाग कोण निवडतं?

आज फुलझाडांवर बोलायचं आहे म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, कुंडीत काय लावावं आणि खत किती घालावं हे ऐकायला मिळेल. ते शेवटी दोन मिनिटं येईलच. आधी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो, कारण आपण रोपवाटिकेत जाऊन ‘हे द्या’ म्हणतो, तेव्हा खरी निवड बरेचदा आपल्या आधी दुसऱ्याच कोणीतरी करून ठेवलेली असते.

एप्रिल-मे महिन्यात इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या जमीनदारी बागेत गेलात, तर ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांच्या भिंतीच्या भिंती फुललेल्या दिसतात. लाल, गुलाबी, पांढरी, जांभळी फुलं. बघणाऱ्याला वाटतं, हीच खरी इंग्रजी वसंतातली बाग. पण यातलं बरंचसं रक्त आपल्या हिमालयातलं आहे. गढवाल-कुमाऊंत ज्याला बुरांस म्हणतात, नेपाळात गुरांस म्हणतात, त्याच कुळातली ही झाडं. तुमच्यापैकी जे एप्रिलमध्ये दार्जिलिंग-सिक्कीमच्या सहलीला गेले असतील, त्यांनी ती पाहिली असतील.

ती तिकडे पोचली कशी? १८४७ च्या अखेरीस जोसेफ डाल्टन हूकर नावाचा तीस वर्षांचा वनस्पतिशास्त्रज्ञ इंग्लंडहून निघाला. चार्ल्स डार्विनचा हा जवळचा मित्र. वडील विल्यम हूकर लंडनजवळच्या क्यू इथल्या सरकारी वनस्पती उद्यानाचे संचालक. १८४८ मध्ये हूकर दार्जिलिंगला आला. सिक्कीमच्या दरबाराला हा पाहुणा नको होता. परवानगी सहजासहजी मिळेना, म्हणून तो आधी पूर्व नेपाळात गेला आणि १८४९ मध्ये सिक्कीमच्या उंच खोऱ्यांत शिरला. बरोबर हमाल, शिकारी, रोपं गोळा करणारे असा मोठा तांडा. त्यात लेपचा लोक बरेच होते. ओल्या जंगलात, जळवांच्या वाटेवरून ओझी वाहणारे तेच, आणि कुठलं झाड कुठे सापडेल हे जाणणारेही तेच.

या दोन वर्षांत हूकरने ऱ्होडोडेंड्रॉनच्या शास्त्राला नव्या अशा वीसहून जास्त जाती नोंदवल्या. चित्रांसह पुस्तक निघालं ते १८४९ ते १८५१ या काळात, म्हणजे स्वारी हिमालयात असतानाच छपाई सुरू झाली होती! आता जातींची नावं बघा. एक गव्हर्नर जनरलच्या पत्नीच्या, लेडी डलहौसींच्या नावाची. एक फाल्कनर यांच्या, एक थॉमसन यांच्या. ओझी वाहून वाट दाखवणाऱ्या लेपचांच्या वाट्याला असं नाव आलं नाही.

आणि इथे एक गोष्ट फुलांच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८४९ च्या नोव्हेंबरात हूकर आणि दार्जिलिंगचे ब्रिटिश अधीक्षक कॅम्पबेल मनाई असताना तिबेटच्या हद्दीत गेले. परतल्यावर सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी त्यांना धरलं. डिसेंबरात सुटका झाली. बदला म्हणून कंपनी सरकारने राजाला दरसाल दिली जाणारी रक्कम बंद केली आणि सिक्कीमचा तराईचा सुपीक भाग ताब्यात घेतला. बिया विलायतेला गेल्या आणि जमीन कंपनीकडे गेली. हूकर काही जमीन जिंकायला गेला नव्हता, हे खरं. पण त्याच्या पाठीमागे जी सत्ता उभी होती, ती फुलांपुरती थांबणारी नव्हती.

बरं, बिया पोचल्या, उगवल्या. पण हिमालयातल्या अनेक जाती नाजूक निघाल्या. समुद्राच्या उबेतल्या कॉर्नवॉलमध्ये त्या रुळल्या, इतरत्र थंडीने मान टाकू लागल्या. मग रोपवाटिकावाल्यांनी संकर केले, कलमं बांधली. खुंट म्हणून वापरली ‘पोंटिकम’ नावाची एक दणकट जात. ही १७६३ च्या सुमारास, म्हणजे हूकरच्या कितीतरी आधी, ब्रिटनमध्ये आलेली. जांभळ्या फुलांची, कुठल्याही हवेत तग धरणारी, स्वस्त.

इथे कोकणातली मंडळी बसली असतील तर त्यांना पुढचं सांगायला नको. हापूसच्या कलमाला खालून खुंटाचे फुटवे आले आणि ते वेळेवर काढले नाहीत, तर काय होतं? कलम मरतं, रायवळ उरतो. तिकडे हेच झालं. पहिल्या महायुद्धात माळी लढाईवर गेले, मोठमोठ्या बागा ओस पडल्या, आणि बऱ्याच ठिकाणी नाजूक कलमं जाऊन खालचा पोंटिकम वर आला. शिवाय जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून तो रानातही लावला होताच. पानं विषारी, त्यामुळे मेंढ्या खात नाहीत. सावली इतकी दाट की खाली दुसरं रोप उगवत नाही. बी इतकं बारीक की वाऱ्यावर उडतं. आज वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या किलार्नीच्या जुन्या ओक जंगलांतून हे झुडूप उपटायला माणसं राबताहेत, खर्च होतो आहे.

आपल्याला हसायला जागा नाही बरं का. आपल्या डोंगरउतारांवर पसरलेली घाणेरी, टणटणी, ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेचं झुडूप म्हणूनच इकडे आणली. रंगीत गुच्छ, बारमाही बहर, पाणी कमी, गुरं तोंड लावत नाहीत. बागवाल्याला हवे असलेले सगळे गुण! त्याच गुणांनी तिने रानातलं गवत मारलं आणि गुरांचं चरण्याचं रान गिळलं.

इतिहास एवढंच सांगतो की बागेत आवडतं ते टिकतंच असं नाही, आणि जे टिकतं ते कुंपणाच्या आत राहतंच असं नाही. परदेशी झाड म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. नाहीतर मिरची आणि टोमॅटोही स्वयंपाकघरातून काढावे लागतील.

तेव्हा आता ती दोन मिनिटं. रोप घेताना तीन गोष्टी विचारा. हे मूळचं कुठलं? याचं बी पक्षी किंवा वारा नेतो का? आणि लक्ष द्यायला कोणी नसलं, तर दहा वर्षांनी हे काय करेल? जागा मोठी असेल तर बहावा आहे, पांगारा आहे. अंगण लहान असेल तर कुंदा, मोगरा आहे. यांना फुलायला कोणाची परवानगी लागत नाही.