रुग्णवाहिकेतल्या माणसाची परीक्षा

आज एका परीक्षेचा इतिहास सांगायचा आहे. ही परीक्षा डॉक्टरची नाही, परिचारिकेचीही नाही. रुग्णवाहिकेत मागे, रुग्णाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाची ही परीक्षा. अमेरिकेत त्याला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात, थोडक्यात ईएमटी. काही महिन्यांचा अभ्यासक्रम आणि शेवटी अंतिम परीक्षा. यात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं काय काम, असं काहींना वाटत असेल. थोडा धीर धरा.

आधी परीक्षा कशी असते ते बघू. लेखी भाग असतो, त्याकडे नंतर येतो. प्रात्यक्षिकात दार उघडतं. जमिनीवर कुणीतरी जखमी असल्याचं सोंग घेऊन पडलेलं असतं. बाजूला परीक्षक, हातात तक्ता. उमेदवाराने आत पाऊल टाकताच मोठ्याने सांगायचं असतं, की मी हातमोजे घातले आहेत, आणि विचारायचं असतं, जागा सुरक्षित आहे का? मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. अपघाताच्या रुग्णासाठी वेळ 10 मिनिटं. नॅशनल रजिस्ट्रीच्या तक्त्यात या एका प्रसंगाला 42 गुण होते. पण खरी मेख तक्त्याच्या खालच्या भागात. तिथे काही चुका लिहिलेल्या असतात, त्यांतली एक जरी झाली तरी वरचे गुण वाया. हातमोज्यांचा उल्लेख राहिला, नापास. राज्याराज्यांत तपशील बदलतात, गाभा हाच.

म्हणून तयारी करणारी मुलं घरातल्या कुणालातरी गालिच्यावर झोपवतात आणि त्याच्याभोवती फिरत मोठमोठ्याने बोलत राहतात. पाठांतर तोंडाचं आणि हातांचं, दोन्ही एकदम.

आता इथे माझा विषय सुरू होतो. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 साली एक भेद मांडला: अमुक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती करायची कशी हे कळणं वेगळं. त्यासाठी त्याने पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. मराठीत हे काम एका क्रियापदाने होतं. पोहण्याबद्दल मला खूप माहीत आहे, आणि मला पोहता येतं. 'माहीत असणं' आणि 'येणं'. विहिरीत ढकलल्यावर दोन्हींतला फरक लगेच कळतो.

ईएमटीच्या परीक्षेपुढचा प्रश्न असा, की 'येणं' मोजायचं कसं? आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा. ज्याच्याकडे वैद्यकाची पदवी नाही, त्याला दुसऱ्याच्या शरीराला हात लावायचा अधिकार कोण देणार, आणि तो कोण काढून घेणार?

हा प्रश्न जुना आहे. 1877 साली इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या वुलिच इथे पीटर शेफर्ड आणि फ्रान्सिस डंकन या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवायला सुरुवात केली. शेफर्ड लष्करात शल्यचिकित्सक होता. त्याने शिकवण्यासाठी छोटी पुस्तिका लिहिली, आणि जानेवारी 1879 मध्ये झुलूंविरुद्धच्या इसांडलवानाच्या लढाईत तो मारला गेला. पुस्तिका मागे राहिली. खाणकामगार, रेल्वे कर्मचारी, पोलीस वर्गाला बसू लागले, परीक्षा देऊ लागले, प्रमाणपत्रं मिळवू लागले. आपल्याकडेही सेंट जॉनचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र ठाऊक असलेली मंडळी या सभागृहात असतील. पण या प्रमाणपत्राची मर्यादा स्पष्ट होती: डॉक्टर येईपर्यंत सांभाळा. रुग्णवाहिकेत मात्र डॉक्टर येत नसतो, आपणच त्याच्याकडे जात असतो, आणि मधली वीस मिनिटं कुणाचीच नसतात.

त्या वीस मिनिटांचं अमेरिकेत काय होत होतं, हे 1966 साली कागदावर आलं. तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांवर अहवाल काढला. आदल्या वर्षी रस्त्यांवर 49 हजार माणसं मेली होती. आणि देशातल्या निम्म्याच्या आसपास रुग्णवाहिका कोण चालवत होतं माहीत आहे? अंत्यविधीचा व्यवसाय करणारे, सुमारे 12 हजार जण. कारण अगदी साधं. आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. म्हणजे रुग्ण वाटेत गेला तर गाडी बदलायची गरज नाही! तुम्ही हसताय, पण अहवालातलं पुढचं वाक्य हसण्यासारखं नाही. व्हिएतनामहून परतलेले तज्ज्ञ सांगत होते, की गंभीर जखमी झालो तर शहरातल्या रस्त्यापेक्षा युद्धभूमीवर जगण्याची शक्यता जास्त.

मोठ्या शहरांत पोलीस रुग्णांना न्यायचे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गमध्ये तर कैदी नेतात त्याच गाडीतून. उचलायचं, मागे टाकायचं, दोन्ही पोलीस पुढे बसायचे. डेव्हिड लॉरेन्स हे त्या शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर. नोव्हेंबर 1966 मध्ये एका सभेत ते कोसळले आणि त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेली हानी भरून आली नाही, काही दिवसांनी ते गेले. गव्हर्नरची ही गत, तर हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत काय होत असेल? तिथे अनेकदा पोलीस यायचेच नाहीत.

लॉरेन्स यांच्यावर रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर होते पीटर साफार, मूळचे व्हिएन्नाचे भूलतज्ज्ञ. तोंडाने श्वास देण्याची पद्धत त्यांनी 1950 च्या दशकात बाल्टिमोरमध्ये प्रयोगांनी सिद्ध केली होती. त्या प्रयोगांत स्वयंसेवकांना औषधाने तात्पुरतं लुळं करून त्यांचा श्वास थांबवला जाई, आणि श्वास देणारे काही जण वैद्यकाशी संबंध नसलेले सामान्य लोक असत. साफारांना दाखवायचंच ते होतं, की हे कुणालाही येऊ शकतं. 1966 मध्येच त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली, तेव्हा ते परगावी होते. या दुःखाचा आणि पुढच्या कामाचा किती संबंध, ते मोजायचं काम माझं नाही.

साफार, फॉक मेडिकल फंडाचे फिलिप हॅलन आणि हिल डिस्ट्रिक्टमधली फ्रीडम हाऊस एंटरप्रायझेस ही संस्था, यांनी मिळून 1967 मध्ये फ्रीडम हाऊस अँब्युलन्स सेवा उभी केली. माणसं घेतली वस्तीतलीच. बेरोजगार, शाळा अर्धवट सोडलेले, व्हिएतनामहून परतलेले. प्रशिक्षण सुमारे 300 तासांचं: शरीररचना, शरीरक्रिया, श्वासमार्ग, रुग्णालयात काम, गाडी चालवणं. पहिल्याच वर्षी त्यांनी पाच हजारांहून जास्त कॉल घेतले. हा 300 तासांचा आकडा लक्षात ठेवा.

इकडे वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं? 1966 च्याच महामार्ग सुरक्षा कायद्याने रुग्णवाहिकेचा विषय वाहतूक खात्याकडे गेला. आरोग्य खात्याकडे नाही, वाहतूक खात्याकडे! रस्त्यावर मरतात तर रस्तेवाल्यांनी बघावं. या सरकारी तर्कशास्त्राला मी हसायचो, पण फळ चांगलं मिळालं. त्या खात्याने ईएमटीचा पहिला राष्ट्रीय पाठ्यक्रम करवून घेतला, तो 81 तासांचा. अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 1971 मध्ये पाठ्यपुस्तक काढलं, नारिंगी मुखपृष्ठामुळे ते 'ऑरेंज बुक' म्हणूनच ओळखलं गेलं. 1970 मध्ये नॅशनल रजिस्ट्री ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली आणि 1971 मध्ये पहिली परीक्षा झाली. 51 केंद्रं, 1,520 परीक्षार्थी, सगळीकडे एकाच वेळी. त्यात वर्षानुवर्षं रुग्ण वाहिलेले लोकही होते, आणि त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, की तुम्हाला नेमकं काय येतं?

ही लोकशाहीची गोष्ट आहे, असं मी म्हणेन. जात, वर्ण, बापाचा धंदा, कॉलेजची पदवी, काही न विचारता परीक्षा म्हणते, करून दाखव. ज्याला येतं तो आत.

पण त्याच पिट्सबर्गमध्ये 1975 साली काय झालं ते ऐका. तोवर फ्रीडम हाऊसची कीर्ती पसरली होती. नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर तिथे वैद्यकीय संचालक म्हणून आली होती. पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीच्या वरची पायरी. तिचा राष्ट्रीय पाठ्यक्रम ती या लोकांबरोबर काम करत तयार करत होती. म्हणजे साऱ्या देशाने ज्यांच्याकडे बघून शिकायचं, ती ही माणसं. गोऱ्या वस्त्या विचारू लागल्या, की आम्हाला अशी सेवा का नाही? महापौर पीटर फ्लॅहर्टी यांनी शहराची स्वतःची सेवा काढली आणि ऑक्टोबर 1975 मध्ये फ्रीडम हाऊस बंद झालं. माणसांना सामावून घेऊ, असं आश्वासन कॅरोलाइनला मिळालं होतं. मग परीक्षा आल्या. शिकवलंच नव्हतं अशा मजकुरावर, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढाच निकाल. ज्यांच्यावर जुने गुन्हे नोंदलेले होते ते बाहेर. काहींना रुग्णाला हातच लावायचा नाही अशी कामं दिली, आणि त्यांच्यावर नेमले गेले ते त्यांच्याहून कमी अनुभवाचे गोरे. पुढच्या दोन दशकांत ती सेवा जवळजवळ संपूर्ण गोरी झाली.

या घटनेकडे केवळ वर्णद्वेष म्हणून बघितलं तर अर्धीच बाजू दिसते. वर्णद्वेष होताच. पण त्याने हत्यार कोणतं निवडलं? परीक्षा. जे दार उघडायला परीक्षा आली होती, तेच दार तिच्याच कडीने बंद करता आलं, आणि कुणाला अन्याय केला असं वाटलंही नाही, कारण कागदावर सगळं नियमाने होतं. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्याला निदान तोंडाने मागावा लागला. इथे प्रश्नपत्रिकेने काम भागलं. त्यातला एक, जॉन मून, तग धरून राहिला, आणि त्याच शहराच्या सेवेत सहायक प्रमुख होऊन 2009 मध्ये निवृत्त झाला.

आता लेखी परीक्षेकडे येतो. 2007 पासून ती संगणकावर आहे, आणि संगणक उमेदवाराप्रमाणे प्रश्न बदलतो. बरोबर उत्तर दिलं की पुढचा कठीण, चुकलं की सोपा. ईएमटीसाठी कमीत कमी 70 प्रश्न, जास्तीत जास्त 120, वेळ दोन तास. उमेदवार पात्र आहे की नाही याची 95 टक्के खात्री झाली की पडदा बंद. सत्तराव्या प्रश्नाला पडदा बंद होतो आणि मुलगा विचार करत बाहेर पडतो, की मी इतका हुशार की इतका ढ? अभ्यास केलेल्यालाही प्रत्येक प्रश्न कठीणच वाटणार, कारण यंत्र त्याला त्याच्या सीमेवरच उभं ठेवतं. सॉक्रेटिस असंच करायचा, पण तो निदान शेवटी निरोप घ्यायचा.

याहून मला रस आहे तो 'बरोबर उत्तर' या गोष्टीत. मानेला मार लागल्याची शंका आली की रुग्णाला लांब कडक फळीवर बांधायचं, हे कित्येक पिढ्यांनी पाठ केलं. 2013 च्या सुमारास तज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं, की फळीचे तोटे आहेत, सरसकट वापरू नका. हातापायाचं रक्त थांबवायला आवळपट्टी हा शेवटचा उपाय, असं शिकवत. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अनुभवानंतर ती वर आली. हृदय बंद पडलं तर आधी श्वासमार्ग बघा असं होतं, 2010 पासून आधी छाती दाबा. मोठ्या भावाच्या वह्यांवरून अभ्यास केला तर धाकटा नापास होईल. आणि मोठा भाऊ त्याच्या काळी उत्तीर्ण झाला, तोही खोटेपणाने नव्हे. परीक्षा त्या त्या काळी लोकांचं एकमत कशावर आहे ते विचारते. त्यात वावगं काही नाही, फक्त परीक्षकाने ते विसरू नये.

आपल्याकडे महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली, 937 रुग्णवाहिका घेऊन. आपण वेगळा मार्ग घेतला. गाडीत डॉक्टरच बसवला, आणि त्यांत आयुर्वेद, होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने. अमेरिकेने पदवी नसलेल्याला शिकवून त्याची परीक्षा घेतली. आपण पदवी बघितली आणि मग हे काम शिकवलं. यात आपल्या समाजाचा पदवीवरचा विश्वास दिसतो, आणि बेरोजगार पदवीधरांची संख्याही. कुठला मार्ग चांगला याचा निकाल मी देणार नाही. पण हिल डिस्ट्रिक्टच्या त्या शाळा सोडलेल्या मुलाला या व्यवस्थेत जागा कुठे, हे विचारायला हवं. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं नाव आहे. म्हणजे अभ्यासक्रम ठरतील, परीक्षा ठरतील. कुणीतरी टेबलाशी बसून तक्ता लिहील, आणि खालच्या भागात कोणत्या चुकीला माफी नाही ते ठरवेल. त्या टेबलाभोवती प्रत्यक्ष रुग्णवाहिकेत बसणारे किती असतील, ते बघू.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवायचा आहे, म्हणून इथे थांबतो.