‘कोल्हापुरी’ या विशेषणाची कुळकथा

‘कोल्हापूर’ या नामाला ‘ई’ प्रत्यय लागून ‘कोल्हापुरी’ हे विशेषण झाले. साज, चप्पल, पायताण अशा तिन्ही लिंगांत त्याचे रूप बदलत नाही. मुळातल्या गावाच्या नावाची कथा करवीरमाहात्म्यात आहे: महालक्ष्मीच्या हातून मरताना कोल्हासुराने क्षेत्राला आपले नाव मागून घेतले. शिलाहारांच्या शिलालेखांत मात्र ‘कोल्लापुर’ असे रूप आढळते.

विशेषणाचा पहिला अर्थ गावापुरता, ‘कोल्हापूरचा’. गुळाला तो अजून तसाच लागतो. राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची मोठी पेठ उभी राहिली आणि हा गूळ गावाच्या नावाने विकला जाऊ लागला. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पुढे अर्थ घडणीकडे सरकला. परंपरेने एकवीस पानड्यांचा साज पुण्याच्या सराफाने घडवला तरी कोल्हापुरीच. चपलेत हा बदल सर्वांत ठळक दिसतो. कापशी हे तिच्या एका प्रकाराचे नाव गावावरून आले. ‘कोल्हापुरी’ने असे सगळे प्रकार पोटात घेतले. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीची शिवण, खिळा कुठे नाही, ही तिची ओळख. २०१९ चे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे, त्यामुळे कर्नाटकातल्या अथणीची चप्पलही कायद्याने कोल्हापुरी ठरते. ते योग्यच आहे. तिथल्या कारागिरांचे हातही याच परंपरेतले. एवढ्या रुळलेल्या विशेषणाचे बोलण्यात नामही होते: ‘पायात कोल्हापुरी होती.’

गावाचे नाव बांधकामाच्या पद्धतीलाही लागले: पाटबंधारे खात्यात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ आहे. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरताना बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवायचे आणि पुराआधी ते काढून नदी मोकळी करायची. लोक त्याला ‘के. टी. (कोल्हापूर टाइप) वेअर’ म्हणतात. असे बंधारे राज्यभर आहेत.

सर्वांत अलीकडचा अर्थ ‘जहाल तिखट’. तो मुख्यतः बाहेरच्या हॉटेलांनी रुजवला. ‘व्हेज कोल्हापुरी’ ही तिथलीच भाजी. हा अर्थ अपुरा आहे. कोल्हापूरच्या घरात कांदा-लसूण मसाल्याला ‘चटणी’ म्हणतात, आणि तिच्यात मिरचीबरोबर सुके खोबरे, तीळ, धणे असतात. ताटात तांबड्या रश्श्याशेजारी नारळाच्या दुधाचा सौम्य पांढरा रस्साही असतो, आणि तोही तितकाच कोल्हापुरी.