सरकारची खुर्ची आणि कंपनीची खुर्ची

ठाण्याची खाडी ओलांडून डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांतून रोज लक्षावधि उतारू ये-जा करितात. हा लोहमार्ग घालणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचें नांव त्यांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु मार्गाच्या आरंभापासून जो एक प्रश्न त्याच्याबरोबर चालत आला, तो तितका प्रसिद्ध नाहीं. सरकारी अधिकारावर असतां ज्यानें एखाद्या धंद्याची देखरेख केली, त्यानें तो अधिकार सोडल्यावर त्याच धंद्यांतील कंपनीच्या पंगतीस बसावें कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

१८४३ सालीं जॉर्ज टॉमस क्लार्क नांवाचा इंजिनियर मुंबईस आला. शहराच्या सांडपाण्याविषयीं व आसपासच्या मिठागरांविषयीं अहवाल लिहिण्याचें काम सरकारनें त्याजकडे सोंपविलें होतें. भांडुपच्या बाजूस गेला असतां ठाणें, कल्याण आणि पलीकडील थळ व बोर हे घाट यांवरून आगगाडी नेण्याची कल्पना त्याला सुचली, असें सांगतात. त्यानें या कल्पनेचा जोरानें पुरस्कार केला. पुढें मुख्य इंजिनियरची जागाहि त्याला देऊं केली होती. पण येथील हवापाणी मानवणार नाहीं या भीतीनें तो विलायतेस परतला. त्याला माघारें फिरविलें तें कोणत्याहि नियमानें नव्हे, कोंकणच्या हवेनें!

१७ ऑगस्ट १८४९ रोजीं ईस्ट इंडिया कंपनी व रेल्वे कंपनी यांचा करार झाला. १८५३ च्या १६ एप्रिलला पहिली गाडी २१ मैल धांवून ठाण्यास पोंचली आणि पुढच्याच वर्षीं १ मे रोजीं मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. कराराची किल्ली अशी कीं, भागीदारांच्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें घेतली. गाडीचें उत्पन्न कमी पडलें तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या सारा-पट्टींतून, भरावयाची. खर्च वाढला तरी लंडनच्या भागीदाराचें व्याज बुडत नव्हतें. तेव्हां काटकसर करण्याची त्याला तरी काय गरज? रयतेचें रक्षण करणारी वस्तु एकच उरली, ती म्हणजे सरकारी देखरेख. त्यासाठीं येथें सल्लागार इंजिनियर व लंडनच्या संचालक मंडळांत नकाराधिकार असलेला सरकारी डायरेक्टर नेमलेला असे.

परंतु पहारेकऱ्यानें पुढें कोठें जावें, याचा विचार कोणी केला नव्हता. १७७३ च्या कायद्यानें गव्हर्नर जनरलास व त्याच्या कौन्सिलदारांस व्यापार करण्याची मनाई होती खरी. पण ती अधिकारावर असेपर्यंतच.

जनरल सर रिचर्ड स्ट्रॅची याचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. हा गृहस्थ हिंदुस्थान सरकारच्या बांधकाम खात्याचा चिटणीस होता. रेल्वे सरकारनें स्वतः कर्ज काढून बांधाव्या, या मताचा तो खंदा पुरस्कर्ता. पुढें तो लंडनमध्यें भारतमंत्र्याच्या सल्लागार मंडळाचा सभासद झाला. बंगालकडील ईस्ट इंडियन रेल्वे सरकारनें विकत घेण्याच्या वाटाघाटींत त्याचा मोठा हात होता. १८८० च्या आरंभीं ती रेल्वे सरकारच्या मालकीची झाली, परंतु ती चालविण्याचें काम कंपनीकडेच ठेवण्यांत आलें. या तोडीचें श्रेयहि स्ट्रॅचीलाच देतात. आणि १८८९ सालीं सल्लागार मंडळ सोडून तो त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला! ही खुर्ची त्यानें १९०७ पर्यंत सांभाळली. त्यानें लांच खाल्ली असें म्हणण्यास कांहींच आधार नाहीं. तो शास्त्रज्ञ होता, विलायतेच्या भूगोल संस्थेचा अध्यक्ष होता. अडचण आहे ती हीच. त्यानें कोणताहि नियम मोडला नाहीं, कारण मोडण्यास नियमच नव्हता.

जी. आय. पी.ची कथा याच वळणाची. २५ वर्षांनंतर ही रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारला करारानें होता. तो भारतमंत्र्यानें १८७० च्या सुमारास आपण होऊन सोडून दिला. अखेर १९०० सालीं रेल्वे सरकारनें घेतली, पण किंमत वार्षिक हप्त्यांनीं १९४८ पर्यंत फेडावी लागली. मालकी सरकारची आणि लगाम लंडनच्या मंडळाच्या हातीं, ही व्यवस्था ॲक्वर्थ समितीच्या अहवालानंतर १९२५ सालीं एकदांची संपली. रेल्वेच्या या खर्चाचा हिशेब मागणाऱ्यांत गणेश व्यंकटेश जोशी हे अग्रेसर होते. ते सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत लिहीत, आणि स्वतः सरकारी शिक्षणखात्याचे पगारी शिक्षक होते, हें विशेष.

स्वतंत्र हिंदुस्थानांत या वाटेवर फाटक बसलें. केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या १९७२ च्या नियमांतील १० वा नियम असा कीं, वरिष्ठ अधिकाऱ्यानें निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतींत खाजगी व्यापारी नोकरी धरावयाची असेल तर आधीं सरकारची परवानगी घ्यावी. न घेतल्यास पेन्शन अंशतः किंवा सर्व बंद करतां येतें. सरकारी कचेऱ्यांशीं संधान राखण्याचें काम पतकरणें हेंहि त्यांत मोडतें. २०२१ सालीं नवे नियम आले, त्यांतहि हें बंधन कायम आहे. मूळ नियमांत मुदत दोन वर्षांची होती. आतां ती एका वर्षावर आली आहे.