खांद्याच्या छपराची गोष्ट

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीचा संकेत सरगर सुवर्णाच्या दारात उभा होता. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो उचलताना त्याचा उजवा कोपर दुखावला. तरी तो तिसऱ्यांदा बारपाशी गेला. जमलं नाही. एकूण २४८ किलो, रौप्यपदक. सुवर्ण एका किलोने हुकलं. पुढे त्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. इजा एका क्षणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती.

आमच्या मनीषनगरच्या जिममधली दुखणी अशी नसतात. माझा उजवा खांदा आठ महिने दुखतोय. ओव्हरहेड प्रेस करताना चमक निघते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये सूज दिसली, फाटलेलं काही नाही. दुर्बिणीतून हाड थोडं तासायचं, असा एक पर्याय समोर आला. म्हणून त्या ऑपरेशनचा इतिहास वाचायला घेतला.

त्याची सुरुवात १९७२ची. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स नीअर यांनी मांडलं की हात वर नेताना खांद्याच्या छपरासारखं असलेलं हाड खालच्या टेंडनला घासतं. मग छपराची पुढची कड तासली की जागा मोकळी होईल. कल्पना चित्र काढून दाखवता येईल इतकी सोपी. पुढे हे काम दुर्बिणीतून होऊ लागलं आणि ऑपरेशनं भराभर वाढली. इंग्लंडमध्ये २०००च्या सुमारास वर्षाला २,५२३ होत होती. दहा वर्षांत ती २१,३५५वर गेली.

पण घासण्यामुळेच दुखतं का, हे नीट तपासलं गेलं ते तब्बल ४५ वर्षांनी. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्याच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, तिसऱ्याचं काहीच केलं नाही. हाड तासलेल्यांना नुसती दुर्बीण घातलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. फिनलंडमधल्या २१० रुग्णांच्या चाचणीतही तेच दिसलं. २०१९मध्ये ‘बीएमजे’च्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये, असं स्पष्ट सांगितलं.

मग इतकी वर्षं लोक बरे कसे होत होते? ऑपरेशननंतर सक्तीची विश्रांती मिळते, फिजिओ सुरू होतो, काळही जातो. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर बग दिसेनासा झाला, म्हणून त्याचं कारण सापडलं असं होत नाही.

अर्थात या चाचण्यांतले लोक वेटलिफ्टर नव्हते. टेंडन पूर्ण फाटला असेल किंवा खांदा वारंवार निखळत असेल, तर हिशोब वेगळा. वजन उचलणाऱ्यांचं एक खास दुखणंही आहे: सततच्या भाराने कॉलरबोनचं टोक झिजतं. केहिल नावाच्या सर्जनने १९८२मध्ये खेळाडूंमधल्या अशा केसेस नोंदवल्या. तिथेही आधी भार कमी करायचा, नाहीच थांबलं तर ते टोक काढायचं.

म्हणून डॉक्टरांना मी दोनच प्रश्न विचारले. नेमकं काय फाटलंय? आणि सहा महिने थांबलो तर काही कायमचं बिघडेल का? पहिल्याचं उत्तर ‘काही नाही’, दुसऱ्याचंही ‘नाही’.

सध्या ऑपरेशन नको, असं ठरवलंय. ओव्हरहेड प्रेस आणि जड बेंच बंद. रबर बँड घेऊन फिजिओने दिलेले कंटाळवाणे व्यायाम रोज चालू आहेत. या वर्षीच्या स्पर्धेवर पाणी सोडावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. सहा महिन्यांनी हातातली ताकद कमी झाली किंवा खांदा वर उचलेनासा झाला, तर हे दोन्ही प्रश्न पुन्हा विचारीन.