उंसाच्या घराण्यांतील गुणसूत्रांचा हिशेब

कोल्हापूर म्हटलें कीं गूळ आठवतो. शाहू छत्रपतींनीं 1895 सालीं शाहूपुरीची पेठ वसविली आणि पंचगंगेकांठच्या गुऱ्हाळांतून निघणाऱ्या गुळाच्या रव्यांना हक्काचा बाजार मिळाला. पुढें 2014 सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनहि लाभलें. परंतु चुलवाणावरच्या काहिलींत ज्या उंसाचा रस उकळतो, त्या उंसाचें घराणें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तें घराणें एकाच वेळीं कुलीन आणि रानटी आहे. आणि त्याच्या इतिहासाचें मर्म गुणसूत्रांच्या एका विलक्षण हिशेबांत दडलेलें आहे.

दख्खनच्या मळ्यांतून पूर्वी पुंड्या ऊंस होत असे. तो जाड, मऊ व रसाळ; पोरांनींहि दांतानें सोलून खावा असा. अशा उंसांच्या जातीला डच शास्त्रज्ञांनीं 'खानदानी ऊंस' असें नांव दिलें. खानदानी माणसाप्रमाणेंच हा ऊंसहि नाजूक; रोग, दुष्काळ वा दलदल यांपुढें तो चटकन् मान टाकतो. याचाच एक दूरचा भाऊबंद म्हणजे नदीकांठीं वाढणारें कास नांवाचें रानगवत. त्याची कांडी बोरूसारखी बारीक व रसांत गोडी जेमतेम. पण अंगीं चिवटपणा असा कीं, कितीहि उपटलें तरी पुन्हां फुटावें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत सेरेह नांवाच्या रोगानें उंसाचे मळे उजाड होऊं लागले. तेव्हां तेथील संशोधकांचें लक्ष कासूर नांवाच्या एका उंसाकडे गेलें. हा खानदानी ऊंस व जावांतील कास यांचा आपोआप झालेला संकर होता. गोडी कमी, पण सेरेहला तो दाद देत नसे. या कासुरास पुन्हां पुन्हां खानदानी उंसाशीं जोडून गोडी वाढवावी आणि चिवटपणा राखावा, असा मार्ग येसविट प्रभृति संशोधकांनीं धरला. या क्रमास ते 'खानदानी करणें' असेंच म्हणत.

येथें गुणसूत्रांचा प्रश्न येतो. प्रत्येक जीवाच्या पेशींत ठराविक संख्येचीं गुणसूत्रें असतात आणि आनुवंशिक गुण त्यांतून उतरतात. सामान्य नियम असा कीं, अपत्यास निम्मीं आईकडून व निम्मीं बापाकडून मिळावीं. खानदानी उंसांत गुणसूत्रें 80 आणि जावांतील कासांत 112. तेव्हां संकरांत 40 अधिक 56, म्हणजे 96 गुणसूत्रें निघावयास हवीं होतीं. परंतु ब्रेमर या डच शास्त्रज्ञानें 1920 नंतरच्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाखालीं मोजणी केली, ती 136 भरली! श्रोत्यांनीं थोडी वजाबाकी केली, तर कोडें उलगडतें. बापानें आपला निम्मा वांटा, म्हणजे 56 दिला होता. आईनें मात्र आपली 80 चीं 80 गुणसूत्रें लेकराच्या पदरीं घातलीं होतीं.

पुढच्या पिढींत आई पुन्हां खानदानी असतां तोच प्रकार घडला : 80 अधिक 68, एकूण 148. पीओजे 2364 या उंसांत हीच संख्या आढळते. त्यानंतरच्या पिढीपासून मात्र आईचें हें औदार्य संपतें व निम्म्या-निम्म्याचा नेहमीचा व्यवहार सुरू होतो. 1921 सालीं तयार झालेल्या पीओजे 2878 मध्यें हिशेबानें 114 गुणसूत्रें असावीं. प्रत्यक्षांत तीं सुमारें 120 भरतात, कारण अशा संकरांत वांटणी अगदीं काटेकोर होत नाहीं.

आतां यांतलीं रानटी किती, तें पाहावें. हिशेबानें कासुरांत 56, पुढें 28, आणि त्यापुढें 14. प्रमाण पाहिलें तर पांचांत दोन, मग पांचांत एक, आणि शेवटीं आठांत एक. रानटी गुणसूत्रें गळत गेलीं तशी गोडी परत आली. पण जीं थोडीं उरलीं, तीं रोगाशीं झुंजण्यास पुरलीं. 1929 पर्यंत जावांतील बहुतेक मळे या एकाच उंसानें व्यापले.

भारतांत हें कार्य 1912 सालीं कोइमतूर येथें बार्बर यांनीं आरंभिलें व वेंकटरामन यांनीं वाढविलें. तेथें उंसाच्या तुऱ्यांत उगवण्याजोगें बीं धरतें, म्हणून ती जागा निवडली गेली. तेथील पहिला नांवाजलेला संकर को 205 हा 1918 सालीं पंजाबांत गेला. त्याच्या 112 गुणसूत्रांतहि आईचीं 80 व स्थानिक कासाचीं 32 आहेत. त्याच केंद्रांत जानकी अम्मल यांनीं 1938 सालीं ऊंस व मका यांच्या संकराचें वृत्त प्रसिद्ध केलें. पीओजे 2878 व को 290 यांच्यापासून झालेला को 419 पुढें दख्खनभर पसरला आणि पुंड्या मागें पडला.

गुणसूत्र हरपलें म्हणजे केवळ हानि झाली, असें नव्हे. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क करणाऱ्या यीस्टचाच दाखला घ्यावा. त्याच्या पेशींचे 'ए' व 'अल्फा' असे दोन पक्ष असल्याचें लिंडेग्रेन दांपत्यानें 1943 सालीं दाखविलें. दोन्ही पक्ष एकत्र आलेली दुहेरी पेशी पुन्हां कोणाशीं संयोग करीत नाहीं. परंतु तिच्या तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गळाली, तर उरलेल्या पक्षाचा स्वभाव प्रकट होऊन ती पुन्हां संयोगास सिद्ध होते. काय गळालें याइतकेंच काय उरलें, यालाहि महत्त्व आहे.

हेंच उंसालाहि लागू पडतें. महाराष्ट्रांत दीर्घकाळ गाजलेला को 86032 हा को 62198 व कोसी 671 यांचें अपत्य होय, आणि त्याच्या पूर्वजांतहि जावाचा 2878 आढळतो. इतक्या साऱ्या मळ्यांचीं मुळें मोजक्याच पूर्वजांत आहेत. शिवाय ऊंस बेण्यानें लावतात; त्यामुळें एका जातीचीं सर्व रोपें एकाच देहाचे तुकडे असतात, आणि एकास जो रोग ग्रासतो तो सर्वांस ग्रासूं शकतो. साखरेस अव्वल असलेला कोसी 671 लाल कुजेपुढें टिकला नाहीं. तेव्हां शेतकरी ज्यास तण समजून उपटून टाकतो, तें नदीकांठचें कास जपून ठेवणें ही गुळाच्या पेठेचीच राखण होय. कारण उद्यांच्या उंसास लागणारीं गुणसूत्रें कदाचित् तेथेंच असतील.